शंका आल्यास

धामणझरीच्या टेकडी मोहल्ल्याचे पाणी सोमवारी अचानक बंद झाले. लीलाधर मेश्राम या व्हॉल्वमनने दुसऱ्या दिवशी चाक हाताने फिरवून ते सुरू केले. तो टाकीच्या जिन्यावरून खाली उतरेपर्यंत व्हॉल्वची मोटर घरघरली आणि चाक उलटे फिरून घट्ट बसले. मग त्याने चाकात लोखंडी सळई अडकवली. मोटरने सळई वाकवली. शेवटी त्याने मोटरची वीज तोडली, तेव्हा यंत्रणेने गावाची मुख्य वाहिनीच बंद केली आणि टेकडीबरोबर खालच्या बाजाराचेही पाणी गेले. त्याने घाईघाईने वीज पुन्हा जोडली.

मे महिना होता. पारा सत्तेचाळीसवर होता. टेकडीवरची माणसे भर उन्हात हंडे घेऊन उतरत होती, चढत होती. एक म्हातारा चढणीवर सावलीला म्हणून बसला, त्याला तिथून उचलून दवाखान्यात न्यावे लागले. लीलाधरने गावाच्या पाण्याची यंत्रणा चालवणाऱ्या नागपूरच्या कंपनीत फोन लावला.

"मॅडम, तुमचा माणूस माझं ऐकून नाही राहिला."

"कोणता माणूस?" सुनेत्रा ढोमणेने विचारले.

"आतमध्ये बसला आहे तो. मी उघडतो, तो बंद करतो. मी काय येडा आहो का? इथं लोकं म्हणून राहिले, लीलाधर टँकरवाल्याला फितला."

"मेश्रामभाऊ, तिथे कोणी माणूस नाही. प्रोग्रॅम आहे तो."

"असंल. पण जिद्द माणसाची आहे, सांगतो तुम्हाले."

 जिद्द कोणाची आहे हे सुनेत्राला ठाऊक होते. तो प्रोग्रॅम तिच्या नवऱ्याने लिहिला होता. प्रफुल्लला जाऊन दीड वर्ष झाले होते.

ही २०३४ची गोष्ट. तोपर्यंत लहान शहरांच्या पाणीपुरवठ्याचा सगळा कारभार क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकांवर गेला होता. किती संगणक घ्यायचे, त्यांनी कोणत्या वाहिनीतले क्लोरिन मोजायचे, कोणता व्हॉल्व कधी फिरवायचा, हे कोणी एकेक बटण दाबून जुळवत बसत नसे. काय असावे ते मजकुरात लिहून ठेवायचे. एक प्रोग्रॅम तो मजकूर वाचून तसे घडवतो आणि मग दर थोड्या वेळाने लिहिलेले आणि असलेले ताडून पाहतो. कोणी मध्येच हात घातला असेल, तर त्या हाताने केलेले पुसून टाकतो. त्याच्या लेखी लिहिलेले तेच खरे. लीलाधर सळई घेऊन ज्याच्याशी भांडत होता, तो हाच नियम.

प्रत्येक गावासाठी असा मजकूर नव्याने लिहायचा तर जन्म पुरायचा नाही. म्हणून तो एकदाच नीट लिहून, तपासून त्याचा संच बांधतात. त्याला मॉड्यूल म्हणतात. गावागणिक बदलणाऱ्या गोष्टींसाठी त्यात रिकाम्या जागा ठेवतात: गावाचे नाव, टाकीची उंची, वाहिन्या किती. जी जागा गावाने भरली नाही, तिथे लेखकाने आधीच घालून ठेवलेली किंमत लागू होते. सगळे तिला डिफॉल्ट म्हणत. प्रफुल्ल एकटा हट्टाने 'गृहीत' म्हणे. त्यावरून ऑफिसात त्याची चेष्टाही होई.

त्याच्या मॉड्यूलचे नाव ओंजळ. ते दोनशेवर गावांत चालत होते, आणि खपले होते ते त्यातल्या 'विवेक' नावाच्या थरामुळे. काही प्रसंग नियमात मावत नाहीत. पाणी गढूळ दिसते, पण मीटर जुना आहे. दाब कमी आहे, पण आज लग्नाची मोठी तिथी आहे आणि गावभर मांडव पडले आहेत. अशा वेळी अनुभवी माणूस काय करील? कंपनीने प्रफुल्लचे वर्षानुवर्षांचे निर्णय, शेरे, ड्यूटीवरची फोनवरची बोलणी, सहकाऱ्यांशी झालेले वाद, हे सगळे एका यंत्रबुद्धीला शिकवले. आता ओंजळ जिथे बसे तिथे मजकुराबरोबर प्रफुल्लची विचार करण्याची रीतही बसे. तो गेला, ती राहिली. दोनशेवर गावांत ती रोज निर्णय घेत होती आणि त्याच्याच तुटक भाषेत कारणेही लिहून ठेवत होती.

धामणझरीचे कारण सुनेत्राने पडद्यावर काढले. लिहिले होते: 'टेकडी वाहिनी. क्लोरिन शून्य दाखवते. दाब ठीक. शंका आहे. विचारले. उत्तर गृहीत धरून बंद.'

शेजारी बसलेल्या इर्शाद शेखने ते वाचले. प्रफुल्लबरोबर त्याने बरीच वर्षे काम केले होते.

"विचारले म्हणजे? कोणाला विचारलं यानं?"

"तेच बघते आहे."

"ताई, आणि हा पाहुणा बघा. धामणझरीत पण आला."

पाहुणा हे नाव इर्शादचेच. ओंजळ बसलेल्या गावांत अधूनमधून एखादा छोटा जादा संगणक भाड्याने घेतलेला दिसे. कोणी मागितलेला नसे. काम काहीच करत नसे, नुसता जागा असे. काढून टाकला की काही मिनिटांत पुन्हा हजर. भाडे किरकोळ होते म्हणून कोणी खोलात शिरले नव्हते.

इर्शादने धामणझरीचा पाहुणा पुसला. दोघे पडद्याकडे पाहत राहिले. तो परत आला.

"जावई आहे का बे हा?" इर्शाद म्हणाला. "दारातून घालवला की खिडकीतून येतो."

सुनेत्रा हसली नाही. "पुसू नको आता. उघड. आत काय आहे ते बघू."

तेवढ्यात कंपनीचे वरिष्ठ नाखले साहेब आले. धामणझरीच्या नगराध्यक्षांचा त्यांना फोन आला होता.

"ढोमणे मॅडम, प्रकरण वाढायला नको."

"विवेक काढून टाकला तर लगेच सुटेल."

"आणि बाकीची गावं?" नाखले खुर्ची ओढून बसले. "मागच्या पावसाळ्यात एका गावात गटाराचं पाणी वाहिनीत शिरलं, सगळे मीटर म्हणत होते ठीक आहे, तेव्हा यानंच बंद केलं ना? माणसं वाचली. तो थर काढला तर दोनशे गावं आंधळी होतील. आणि खरं सांगू का, लोक आपल्याकडून संगणक घेत नाहीत. ते प्रफुल्ल घेतात."

बोलून झाल्यावर आपण कोणाशी बोललो हे त्यांच्या लक्षात आले. ते उठले. "बघा तुम्ही. धामणझरीचं मात्र आज सुटलं पाहिजे."

पाहुण्याच्या आत इर्शादला एक प्रश्न सापडला. धामणझरी, टेकडी वाहिनी, चालू करू का? प्रश्न एका पत्त्यावर पाठवलेला होता. उत्तर आले नव्हते. उत्तर येईपर्यंत जागे राहायचे, एवढेच त्या संगणकाचे काम. एक शंका, एक पाहुणा.

पत्ता मॉड्यूलमधून आला होता. सुनेत्राने मूळ मजकूर उघडला. रिकाम्या जागांमध्ये सर्वांत खाली एक जागा होती, 'शंका आल्यास विचारावे'. एकाही गावाने ती भरली नव्हती, कारण ती भरायची असते हे कोणाला सांगितलेच नव्हते. आणि तिथे गृहीत किंमत म्हणून जो पत्ता होता, तो त्यांच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या स्पीकरचा होता.

शेजारी प्रफुल्लचा शेरा होता: 'चाचणीपुरते. नंतर काढणे.'

या धंद्यातल्या प्रत्येकाने ही चूक केलेली असते. घरी बसून चाचणी घ्यायची, हाताशी असलेला आपलाच पत्ता घालायचा, नंतर काढू म्हणायचे आणि विसरायचे. इर्शादनेही केली होती. एका शहराच्या पुराच्या सूचना महिनाभर त्याच्या सासऱ्यांच्या फोनवर जात होत्या. पण हा शेरा लिहिल्यानंतर प्रफुल्लने मॉड्यूलच्या सात आवृत्त्या काढल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी ही ओळ त्याच्या नजरेखालून गेली होती.

"विसरला असंल, ताई," इर्शाद म्हणाला.

"असेल."

"किंवा..."

"किंवा काय?"

इर्शाद पडद्याकडे वळला. त्याला पाहुण्याच्या आत आणखी काही दिसले होते. "यात 'उत्तर गृहीत धरून' म्हटलंय ना. ते उत्तर पण जपून ठेवलंय यानं. आवाज आहे. लावू?"

त्याने लावला. कुकरची शिट्टी, नळाची धार, आणि एका बाईचा वैतागलेला आवाज: "बंद कर आता ते."

सुनेत्राला स्वतःचा आवाज ओळखायला क्षण लागला.

आणखी आवाज होते. "बंद कर, प्रफुल्ल." "बंद कर म्हणते ना, ताट वाढलंय." "अरे बंद कर." ओंजळ लिहीत होता त्या हिवाळ्यात प्रफुल्ल रोज संध्याकाळी ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून चाचणी घ्यायचा. गंमत म्हणून स्पीकरला त्याने आपलाच आवाज दिला होता. स्पीकर विचारी, अमुक गावाची तमुक वाहिनी चालू करू का? आणि ती पोळी लाटता लाटता म्हणे, बंद कर. तिला लॅपटॉप म्हणायचा होता. यंत्राला पाणी वाटले होते.

विवेक काटेकोर होता. ज्याला विचारायचे त्याने उत्तर दिले नाही, तर तो माणूस बहुतेक वेळा जे सांगत आला ते गृहीत धरायचे. दीड वर्ष ओंजळ तिला विचारत होती. प्रफुल्ल गेल्यानंतर तिने तो स्पीकर काढून माळ्यावर टाकला होता, कारण त्याच्या आवाजात हवामान ऐकणे तिला सोसत नव्हते. उत्तर न आल्यामुळे ओंजळ तिचेच जुने उत्तर चालवत होती. टेकडीवरचे पाणी सुनेत्रानेच बंद केले होते.

इर्शादने आवाज थांबवला. "ताई, पाणी आणू?"

"नको," ती म्हणाली. "मी घरी जाते."

"आत्ता?"

"त्याला उत्तर हवंय ना."

दुपारी तिने शिडी लावून स्पीकर खाली काढला, फडक्याने पुसला आणि जुन्याच जागी लावला. दिवा लुकलुकला. थोडा वेळ काही झाले नाही. मग स्वयंपाकघरात प्रफुल्ल बोलला.

"सुनेत्रा, धामणझरी. टेकडी वाहिनी. क्लोरिन शून्य, दाब ठीक. चालू करू का?"

तिने ओट्याची कड धरली. आवाज हुबेहूब होता, वाक्याच्या शेवटी किंचित खाली पडणारा. तिला माहीत होते की हा हिशेब आहे, त्याच्या नोंदींतून उगवलेला. 

'चालू कर' असे ती लगेच म्हणू शकत होती. पण क्लोरिन खरेच शून्य असेल तर? तिने लीलाधरला फोन लावला.

"मेश्रामभाऊ, चाक एकदा उघडा. ते बंद व्हायच्या आत वरच्या नळाचं पाणी बाटलीत घ्या. क्लोरिन तपासायची ओटीची बाटली आहे ना जवळ? थेंब टाका आणि रंग सांगा."

"एकटा कसा करू? चाक इथं, नळ तिथं."

"वर कोणाला तरी उभं करा."

"थांबा, घरचीलेच पाठवतो. तशी बी मोहल्ल्यात तिचंच ऐकतात लोकं."

फोन चालू राहिला. पलीकडून धापा, हाका, बायकांचा गलका. कोणीतरी ओरडले, आलं आलं, भर! मग मोटरची घरघर. मग लीलाधर.

"पिवळं झालं, मॅडम. चांगलं पिवळं. क्लोरिन आहे पाण्यात."

"दुसऱ्या नळाचं?"

"दोन नळांचं घेतलं तिनं. दोन्ही पिवळे. मीटरच उन्हानं वेडा झाला असंल तुमचा."

सुनेत्रा स्पीकरकडे वळली. दीड वर्षात ती या दिशेने तोंड करून बोलली नव्हती.

"चालू कर, प्रफुल्ल."

"बरं," तो म्हणाला.

फोनमध्ये मोटर घरघरली, आणि या वेळी चाक उघडे राहिले. टेकडीवरून जो आवाज आला त्यात लीलाधरचे बोलणे बुडून गेले.

ती फोन ठेवते तोच स्पीकर पुन्हा बोलला. आता उत्तर मिळते, हे त्याला कळले होते. दुसरे गाव, मग तिसरे. कुठे रात्री दाब पडत होता, कुठे नवा पाइप गढूळ पाणी देत होता. बहुतेक शंका जादा, राखीव वाहिन्यांच्या होत्या, म्हणून आजवर ओरड झाली नव्हती. प्रत्येक पाहुणा आपला प्रश्न घेऊन येत होता. तिने चहा टाकला. सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. काही गावांना तिने फोन करून माहिती घेतली आणि उत्तर दिले. काहींचे फोन लागले नाहीत. स्पीकर मध्येच विचारी, "तुला काय वाटतं?" हे तो जिवंतपणीही असेच विचारायचा, आणि ती निम्मे ऐकून उत्तर द्यायची. आज ती प्रत्येक शब्द ऐकत होती.

एका गावाचा प्रश्न नुकताच उठला होता, पाणी अजून चालू होते; त्याच्या उत्तराला तिच्याकडे काहीच आधार नव्हता. ते गाव तिने नकाशावरही पाहिले नव्हते. तरी ती 'बंद कर' म्हणाली, आणि म्हणताना तिला कळले की आपल्याला त्या गावाची काळजी नाही. आपल्याला पुढचा प्रश्न ऐकायचा आहे. हे उत्तर संपले की तो पुन्हा बोलेल, म्हणून आपण उत्तर दिले.

ती ओट्यापासून दूर झाली. कुठेतरी अनोळखी माणसांच्या नळाची धार आत्ता बंद होत होती.

"ते मागे घे," ती म्हणाली. "तिथल्या माणसाला विचारायला हवं."

"तिथला माणूस लिहिलेला नाही," प्रफुल्लचा आवाज म्हणाला. "तू लिहिलेली आहेस."

तिने आधी त्या गावाचा अभियंता शोधून त्याच्याशी बोलून घेतले आणि धार सुरू करवली. मग लॅपटॉप टेबलावर उघडला. बदल एका ओळीचा होता. 'शंका आल्यास विचारावे' या जागेतली गृहीत किंमत काढून टाकायची. किंमत नसली की ती जागा सक्तीची होते. नाव भरल्याशिवाय गावाला मॉड्यूलची नवी आवृत्ती मिळत नाही. विवेक राहील, शंका राहतील, पण त्या ज्या त्या गावाच्या माणसाकडे जातील. या घराकडे कधीही नाही.

तिने ओळ काढली. बदल करणे सोपे होते. तो पाठवण्याचे बटण दाबायला वेळ लागला. त्याने ही ओळ सात वेळा का राहू दिली, हे आता कोणी सांगणार नव्हते. आळस असेल. विश्वास असेल. आपली बायको उत्तर देईलच, हे गृहीतही असेल. ती ओळ होती तोवर तिन्ही खरे होते.

ओंजळमधला कोणताही बदल आधी विवेकसमोर जाई. त्याने मत नोंदवल्यावरच गावे तो स्वीकारत. मत लगेच पडद्यावर आले: 'बदल बरोबर. ही किंमत चाचणीपुरती होती, काढायची राहिली. हरकत नाही.' एक ओळ सोडून पुढे लिहिले होते: 'एक शंका आहे. विचारतो.'

स्पीकरचा दिवा लागला.

"सुनेत्रा, तुझं नाव काढायचं म्हणतात. काढू का?"

कुकर नव्हता, नळ बंद होता. उत्तर कोणत्याही आवाजात मिसळणार नव्हते. गप्प राहिले तर तो काय करील, तेही तिला ठाऊक होते. तो तिचे जुने उत्तर गृहीत धरील. ते उत्तर 'बंद कर' होते, म्हणजे हा बदलच बंद. नाव राहील. प्रश्न येत राहतील.

"काढ," ती म्हणाली. मग, ऐकणारे कोणी नाही हे माहीत असूनही, "विचारलंस ते बरं केलंस."

"बरं."

विवेकने तिचा पत्ता सगळ्या गावांतून लगेच काढला, आणि पडद्यावर पाहुणे एकेक करून विझू लागले. ती शेवटचा विझेपर्यंत पाहत राहिली. नवा आला नाही. स्पीकरला तिने वेळ विचारली, नुसती बघायला. त्याने कारखान्यातून आलेल्या मूळ बाईच्या आवाजात वेळ सांगितली. प्रफुल्लचा आवाज चाचणीच्या त्याच ओळीला जोडलेला होता, तिच्याबरोबरच गेला होता. हे तिने ओळ काढताना लक्षात घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसात फोन वाजत राहिले. गावोगावी नवी आवृत्ती अडली होती, नाव मागत होती. नाखले साहेब काचेच्या खोलीतून तिच्याकडे पाहत होते, अजून बाहेर आले नव्हते. इर्शाद दोन्ही कानांना दोन फोन लावून लोकांना समजावत होता. सुनेत्राने समोरचा फोन उचलला.

"मॅडम, लीलाधर. पाणी मस्त चालू आहे. पण हे नवीन काय काढलं? नाव मागून राहिलं."

"शंका आली की ज्याला विचारायचं, त्याचं नाव."

"मंग तुमचंच टाकतो न."

"माझं नको. तिथे पाण्याजवळ असेल आणि फोन उचलेल, असं कोणीतरी."

लीलाधरने विचार केला. "मंग पुष्पाचं टाकून देतो. कालचं पाणी तिनंच तपासलं. तसं बी घरी सगळं तिलेच विचारतो मी. टाकलं, पुढं जाऊ?"

"थांबा, मेश्रामभाऊ. तिला विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? घरचीच आहे."

"आधी विचारा."

"आत्ता?"

"आत्ता. मी थांबते."

लीलाधरने फोन कानापासून दूर केला असावा, कारण त्याची हाक लांबून आली. "पुष्पे, इकडं ये वो जराशी. एक विचाराचं आहे."

पलीकडे भांडी वाजली, नळ बंद झाल्याचा आवाज आला. सुनेत्रा फोन धरून उत्तराची वाट पाहत राहिली.